बोळाचा दावा

शेजारच्या दंतवैद्याने बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं, त्याला कुलूप घातलं, आणि सकाळी सकाळी वहिनीची गाडी तिथेच अडली.

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. घरामागच्या अंगणात तिचा धुलाईचा धंदा होता. शहरातल्या दोन लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिच्याकडे यायचे, घाटावर धुतले जायचे आणि अंगणात वाळून, कडक इस्त्री होऊन परत जायचे. पुढच्या दाराला उंच पायऱ्या, त्यामुळे कपड्यांची दोनचाकी गाडी बोळातूनच आत-बाहेर व्हायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तो बोळ तुडवत होती. त्याआधी सासूबाई तुडवत. धंदा मूळचा त्यांचा.

दंतवैद्य माणूस भला. घर घेऊन त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तो इतक्या अदबीने बोलला, की भांडायला तोंडच उरलं नाही. "काकू, माझ्या खरेदीखतात बोळ माझा आहे. तुमचा काही हक्क असेल तर तसा कागद दाखवा, मी त्याच मिनिटाला कुलूप काढतो. कागदच नसेल तर मी तरी काय करू?"

वहिनीने त्या दिवशी ओल्या चादरींची गाठोडी बैठकीच्या खोलीतून नेली. घरभर पाण्याची ओळ. चष्म्याच्या दुकानात निघालेला नवरा त्या पाण्यावरून घसरला आणि दाराच्या कडीला लोंबकळला.

"अगं, केस झाली होती की बोळाची!" लोंबकळतानाच त्याला आठवलं. "तेव्हाच्या शेजाऱ्याने असंच केलं होतं. बाबांनी दावा लावला आणि जिंकला."

"मग निकाल कुठाय?"

"वकिलाकडे असेल."

वकील जाऊन जमाना झाला होता. त्यांच्या ऑफिसात आता चपलांचं दुकान होतं. नवऱ्याने थोडा विचार केला आणि कुठल्याही अडचणीत जे करायचा तेच केलं. बहिणीला फोन लावला.

त्याची मोठी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. आयुष्यभर खरखरणाऱ्या तारांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा कमावलेला होता, की ती कुजबुजली तरी शेजारी उत्तर देत. लग्नानंतर वहिनी तिला आदराने 'वन्सं' म्हणाली होती, तर ती म्हणाली, "वन्सं काय? मी काय नाटकातली आहे? ताई म्हण." तेव्हापासून ताई. जीव होता एकमेकींवर, पण ताई सांगणार आणि वहिनी ऐकणार अशी वहिवाटच पडून गेली होती.

"कोर्टात रेकॉर्ड असतं," ताई आल्या आल्या म्हणाली. "उद्या तू आणि मी जायचं. हा नको. हा तिथे सगळ्यांच्या चष्म्याचे नंबर विचारत बसेल."

कोर्टाच्या तळमजल्यावर एक नवा संगणक होता आणि त्याच्यामागे एक हसतमुख मुलगी. तिने टकटक करून पाहिलं आणि मान हलवली. "यात अलीकडचीच प्रकरणं आहेत, काकू. जुनं सगळं वर, रेकॉर्ड रूममध्ये. जिना चढून डावीकडे. दार अडकतं, जरा ढकला."

दार ढकललं तशी धुळीचा, डिंकाचा आणि जुन्या कापडाचा वास मारणारी हवा अंगावर आली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर पुठ्ठ्याची चिठ्ठी. मधल्या फटींतून चालायचं तर अंग चोरून, आडवं. खिडकीशी एका टेबलामागे रेकॉर्डकीपर बसला होता. गळ्यात दोरीने चष्मा, हातात सुई-दोरा; सुटलेली पानं टाचत होता.

"आम्हाला एक जुना निकाल हवाय," ताई म्हणाली. दोन मांडण्यांपलीकडे कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं.

"हूं. दावा नंबर?"

"नंबर कुठला आठवायला!"

"हूं. साल?"

इथे घोडं अडलं. ताई म्हणाली, तिचा मुलगा रांगत होता ते साल. वहिनी म्हणाली, नाही, गच्चीची गळती काढली त्याच्या नंतरचं. मुलगा कधी रांगला आणि गच्ची कधी गळली यावर दोघींची जुंपली. रेकॉर्डकीपर शांतपणे टाके घालत राहिला.

"हूं," शेवटी तो म्हणाला. "वादीचं नाव तरी?"

"आमचे वडील," ताई ठासून म्हणाली आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहून दिलं.

त्याने जुन्या दाव्यांची नोंदवही काढून दिली. एकेका सालाची एकेक, उघडली की अर्धं टेबल व्यापणारी. "अक्षरावार आहे. शाई लावायची नाही, पेन्सिल वापरा. पान ओलं बोट लावून उलटायचं नाही. आणि मनात वाचा."

शेवटचं वाक्य ताईकडे बघून होतं. बाहेर पडल्यावर तिने त्याचं बारसं केलं: हूंराव.

मग दोघींचा रोजचा परिपाठच झाला. वहिनी पहाटे उठून कपडे भिजत टाकायची, इस्त्रीवालीला कामं नेमून द्यायची आणि ताईच्या आधी कोर्टाच्या पायरीवर हजर व्हायची. वरच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसायच्या. नाव बोटाने शोधत खाली खाली जायचं, पान संपलं की मान मोडायची, पुढचं पान. लिहिणारे कारकून बदलले की अक्षर बदलायचं. एकाचं अक्षर मोत्यासारखं, त्याच्यानंतरच्याचं असं की कोंबडी शाईत पाय बुडवून पानावर नाचून गेली.

खरी पंचाईत वेगळीच होती. दुसऱ्यांची प्रकरणं वाचण्यात दोघींचं चित्त गुंतायचं. कुणी न्हाव्यावर दावा लावला होता, अर्धी मिशी गेली म्हणून. एका बाईने शेजारणीवर, तिचा पोपट आपलं नाव घेऊन शिव्या देतो म्हणून.

"पुढे काय झालं असेल गं?" ताई कुजबुजली, म्हणजे खोलीभर ऐकू आलं.

"हूं," पलीकडून हूंराव म्हणाला. "पोपटाला साक्षीला आणलं होतं. एक शब्द बोलला नाही."

ताईने त्याच्याकडे प्रथमच जरा कौतुकाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने थर्मासमधून चहा आणला आणि तीन कप आणले.

पण नाव काही सापडेना. गच्चीचं साल संपलं, रांगण्याचं साल संपलं, मागचं-पुढचं चाळून झालं. दोघींचे डोळे चुरचुरायला लागले. इकडे घरात ओली गाठोडी बैठकीतून जातच होती, आणि लॉजवाला फोनवर फोन करत होता की टॉवेल वेळेवर येत नाहीत. शेवटी हूंरावने त्यांचा अर्ज परत केला. त्यावर बारीक अक्षरात शेरा होता: दिलेल्या नावावर नोंद आढळत नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ताईचा तोल गेला. "तुझ्यामुळे झालं सगळं! गच्ची गच्ची करत बसलीस. साल नीट आठवलं असतं तर केव्हाच मिळाला असता. आईचं बघ, तिला सगळं तारीखवार पाठ असायचं."

वहिनी एरवी गप्प बसली असती. पण पाठ दुखत होती, पोटात काही नव्हतं, आणि त्यात सासूबाईंचं कौतुक निघालं. सासूबाईंबद्दल वहिनीच्या मनात एक जुनी कळ होती. वाईट नव्हत्या त्या. पण लग्नानंतर पहाटेच्या अंधारात गाडी घेऊन निघायची ती वहिनी, आणि सासूबाई मात्र पांघरूण डोक्यावर ओढून पडलेल्या. उन्हं आत आली की उठायच्या. कधी 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही. वहिनीने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही त्या वर्षी इथे होतात कुठे? लग्न होऊन परगावी होतात. मी होते घरात. कोर्टाची तारीख होती त्या दिवशी मी पाहिलंय, बाबा..."

आणि ती मध्येच थांबली.

"बाबा काय?"

"बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते," वहिनी सावकाश म्हणाली. आठवेल तसं बोलत गेली. "त्यांना शेजाऱ्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. म्हणाले, कोर्टाची पायरी मी चढणार नाही. आईंनी काळी पिशवी घेतली, काळ्या चपला घातल्या. दारात मला म्हणाल्या, भट्टीवर लक्ष ठेव. आणि एकट्या गेल्या. ताई, बाबांनी दावा लावलाच नाही. आईंनी लावला."

"पण बाबा तर नेहमी सांगायचे..."

"निकाल लागल्यावर सांगायचे. येईल त्याला सांगायचे. ऐकून ऐकून मलासुद्धा तेच खरं वाटायला लागलं होतं."

ताई पायरीवर बसली. मग हसायलाच लागली. "अस्सं! आणि मी बाबांची ती गोष्ट माझ्या मुलांना, त्यांच्या मुलांना सांगितली. ते वकिलावर कसे गरजले ते हातवारे करून दाखवत आले!"

तशाच उलट्या पावली दोघी वर गेल्या. ताईने आईचं नाव लिहून दिलं. घरात ते नाव कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. आई, काकू, धुलाईवाल्या बाई, अशीच ती सगळ्यांना ठाऊक.

गच्चीच्याच सालात, मोत्यासारख्या अक्षरात, ते नाव होतं. वहिनीचं बोट त्यावर थांबलं, आणि शेजारी नंबर होता.

"गच्ची," वहिनी हळूच म्हणाली.

"कळलं, कळलं," ताई म्हणाली.

हूंराव शिडीवर चढला, एक गठ्ठा काढून पुन्हा ठेवला, दुसरा काढला, तो घेऊन शिंकत खाली आला. गाठ सुटेना तशी त्याने ती दातांनी सोडवली. आत दाव्याची कागदपत्रं होती, बोळाचा हाताने काढलेला नकाशा होता, आणि शेवटी निकाल. ताईने चष्मा चढवला. बोळ दोन्ही घरांच्या वहिवाटीचा. कोणीही अडवू नये. वादीची गाडी निर्वेध जाऊ द्यावी.

"झालं!" ताई ओरडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

वहिनीने हुश्श केलं आणि नकलेचा अर्ज भरायला घेतला. ताई मात्र पानं उलटत राहिली. मध्येच तिने वहिनीचं मनगट धरलं. "अगं, ही आईची साक्ष आहे. प्रश्न-उत्तरं, जशीच्या तशी."

तिने वाचायला सुरुवात केली. मनात नाही, मोठ्याने. हूंराव पुन्हा सुई-दोरा घेऊन बसला होता, तो टाके घालत राहिला.

"प्रश्न: बोळ रोजच्या वापरात होता, हे तुम्ही कशावरून सांगता? उत्तर: माझी सून रोज पहाटे त्यातून गाडी नेते. प्रश्न: तुम्ही ते स्वतः पाहता? उत्तर: नाही. मी अंथरुणात असते. ऐकते. प्रश्न: बाहेरून जाणारी व्यक्ती तुमची सूनच, हे अंथरुणातून कसं कळतं? उत्तर: गाडीचं डावं चाक कुरकुरतं आणि सून त्या चाकाशी बोलते."

वहिनीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"प्रश्न: काय बोलते? उत्तर: ते तिचं आणि चाकाचं खाजगी आहे."

हूंराव खोकला. तो हसू दाबायचा खोकला होता.

"कंसात लिहिलंय: साक्षीदारास मोजकं बोलण्याची समज दिली," ताई म्हणाली, आणि पुढे वाचू लागली. "प्रश्न: गाडी गेल्यावर तुम्ही पुन्हा झोपता, म्हणजे ती परत कुठून आली हे तुम्हाला माहीत नाही, बरोबर? उत्तर: चूक. ती परत येईपर्यंत मी जागी असते. बाहेर काळोख असतो आणि पोर नवीन आहे, तिला इथलं कोणी ओळखीचं नाही. परत येताना चाक जड वाजतं, कारण माल ओला असतो. ती आत येऊन कडी लावते, मग माझा डोळा लागतो. त्यामुळे मला उठायला उशीर होतो. घरातल्यांना वाटतं मी आळशी आहे. वाटू दे."

वाचता वाचता ताईचा आवाज खाली खाली गेला. शेवटचे शब्द खरोखरच कुजबुजीत निघाले, बहुधा तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

वहिनी खिडकीकडे बघत होती. बाहेर कोर्टाच्या आवारात एक वकील सायकलला कुलूप लावत होता. तो लावून झाला, निघूनही गेला, तरी ती तिकडेच बघत होती. मग तिने पदराने, मग बाहीने, मग दोन्हींनी तोंड पुसलं.

"दररोज?" ती म्हणाली. "मी पडवीत गाडी लावून त्यांच्या खोलीकडे बघायचे. मनात म्हणायचे, झोपा, राणीसाहेब, झोपा."

"चाकाशी काय बोलायचीस गं?"

"त्यालाच सांगायचे ना, राणीसाहेब झोपल्यात म्हणून!"

दोघी आधी रडल्या की आधी हसल्या हे हूंरावलाही सांगता आलं नसतं. त्याने उठून दार लावून घेतलं, एवढं खरं.

"माझ्याबद्दल काही आहे का?" ताईने नाक पुसत पुढचं पान उलटलं. होतं. "प्रश्न: तुमची मुलगी माहेरी येते तेव्हा बोळ वापरते का? उत्तर: नाही. ती पुढच्या दाराने येते. ती आली हे साऱ्या गल्लीला कळतं, त्यासाठी साक्षीदार लागत नाही."

"शपथेवर!" ताई म्हणाली. "माझी आई माझ्याबद्दल शपथेवर असं बोलली!" पण तिचा चेहरा असा फुलला होता, जसं काही कोर्टाने तिला बक्षीस दिलंय.

नकलेच्या अर्जात त्यांनी निकाल लिहिला होता. ताईने खाली जोडलं: आणि संपूर्ण साक्ष, दोन प्रती. हूंराव म्हणाला की हक्क दाखवायला निकाल पुरतो, साक्षीची गरज नाही.

"आम्हाला आहे," वहिनी म्हणाली. ताईच्या आधी ती बोलली, हे दोघींच्याही लक्षात आलं.

नकला मिळाल्या तेव्हा त्यांच्यावर गोल शिक्के होते आणि हूंरावने कडेला घालून दिलेली दोऱ्याची व्यवस्थित शिवण. दोघी थेट दवाखान्यात गेल्या. दंतवैद्याने निकाल उभ्याउभ्याच वाचला, मान डोलावली आणि खिशातून किल्ली काढली. पण चुकून साक्षीचीही पानं त्याच्या हाती गेली होती. तो खुर्चीत बसून वाचू लागला. आत जबडा उघडून पडलेला एक रोगी मधूनमधून 'आँ' करत होता.

"काकू," तो वाचून झाल्यावर म्हणाला, "कुलूप काढतोच. फाटकही काढू का?"

"फाटक राहू दे," वहिनी म्हणाली. "रात्री कुत्री येतात. नुसती कडी ठेव."

घरी तिने साक्ष नवऱ्याला वाचायला दिली. त्याने आईचं बरंचसं वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग विचारलं, "माझं नाव कुठेच नाही?"

"आहे की, शेवटी," ताई म्हणाली. "वकील म्हणाला, तुमचा मुलगा साक्षीला का आला नाही? आई म्हणाली, तो सज्जन आहे, त्याला बोलावून उपयोग नाही."

नवऱ्याने ते बराच वेळ तपासून पाहिलं, नंबर चुकलाय का बघावं तसं. शेवटी ते कौतुकच आहे असं त्याने ठरवलं आणि दुकानात गेला.

त्या दुपारी ताई लगेच निघाली नाही. अंगणात वाळलेल्या चादरींचा ढीग पडला होता, आणि शोधाच्या नादात कामं तुंबली होती. ती आपण होऊन चादरीचं एक टोक धरून उभी राहिली. वहिनीने दुसरं धरलं. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक.

"त्यांनी मला कधी सांगितलं का नाही, ताई?" वहिनीने जवळ आल्यावर विचारलं. "एकदा तरी. म्हाताऱ्या झाल्यावर, आजारी होत्या तेव्हा तरी."

आई तशीच होती, असं काहीतरी ताई म्हणणार होती, पण ते तिला पुरेसं वाटलं नाही.

"मला वाटतं, कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "वकिलाने विचारलं, त्याला सांगितलं."

वहिनीने मान हलवली. पुढची चादर उचलली. ताईने आपलं टोक धरलं आणि उत्साहाने घडी घातली, कडा एक हात खाली-वर.

"असं नाही," वहिनी म्हणाली. "उघडा. पुन्हा घाला."

आणि ताईने ऐकलं.